डोळ्यांचा बाहेरचा कोपरा : वाचकांचे प्रश्न, पापण्यांच्या सर्जनांची उत्तरे

डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्याबद्दल या वेळी बरीच पत्रे आली आहेत. कोणाला कोपरा वर उचलून हवा आहे, कोणाला डोळा लांब दिसायला हवा आहे, तर कोणाच्या आईची खालची पापणी सैल पडून डोळ्यातून सतत पाणी गळते आहे. वरवर हे विषय वेगळे दिसतात. प्रत्यक्षात सगळ्या शस्त्रक्रिया एकाच लहानशा कंडरेवर, म्हणजे पापणी हाडाला बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्टीवर होतात, म्हणून उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी २५ वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर दिसतात तसे बाहेरच्या बाजूला वर चढलेले ‘फॉक्स आय’ मला हवे आहेत. एका स्किन क्लिनिकने धागे घालून ‘न कापता, अर्ध्या तासात’ होईल असे सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मात्र कॅन्थोप्लास्टी सुचवली. दोन्ही एकच का? कायम टिकणारे कोणते? — एक वाचक, ठाणे

उत्तर : एकच नाहीत, आणि हा फरक कळेपर्यंत कुठेही आगाऊ पैसे भरू नका.

वरची आणि खालची पापणी बाहेरच्या कोपऱ्यात एकत्र येतात आणि तिथून एक कंडरा हाडाकडे जाते. ती डोळ्याच्या खोबणीच्या कडेवर चिकटलेली नसते. कडेच्या आत, साधारण २ ते ४ मिलिमीटर मागे, हाडावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला व्हिटनॉलचा ट्यूबरकल म्हणतात. कंडरा तिथे बसते. ती मागे खेचलेली असते म्हणूनच पापणी डोळ्याच्या गोलाला चिकटून राहते आणि डोळ्यावर अश्रूंचा थर सारखा पसरतो. बहुतेक माणसांत बाहेरचा कोपरा नाकाकडच्या कोपऱ्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर वर असतोच. तुम्हाला हवा आहे तो यापेक्षा जास्त चढ.

आता तीन वाटा पाहा. पहिली बोटॉक्सची. भुवईचे शेपूट खाली ओढणाऱ्या स्नायूत थोडे औषध टोचले की भुवईची बाहेरची बाजू एक ते तीन मिलिमीटर वर जाते आणि तीन-चार महिन्यांत परत खाली येते. दुसरी धाग्यांची. पीडीओ नावाच्या विरघळणाऱ्या पदार्थाचे काटेरी धागे कानशिलाच्या केसांच्या रेषेतून कॅन्युलाने, म्हणजे पोकळ नळीने, कातडीखाली सरकवतात आणि भुवईचे टोक व कोपऱ्याजवळची कातडी वर ओढून धरतात. यात कंडरा जागची हलत नाही, फक्त तिच्यावरची कातडी ताणली जाते. पहिल्या आठवड्यातला फोटो सुंदर येतो, कारण सूज आणि ताण दोन्ही त्यात असतात. धागा सहा-आठ महिन्यांत विरघळतो आणि परिणाम बहुतेकांत वर्षभरही टिकत नाही. मधल्या काळात कातडीला खळी पडणे, धाग्याचे टोक हाताला लागणे, जेवताना कानशील दुखणे, एक बाजू दुसरीपेक्षा वर राहणे हे प्रकार होतात. त्या भागातून कपाळ हलवणारी चेहऱ्याच्या नसेची फांदी आणि एक धमनी जाते. म्हणून हे काम ब्यूटी पार्लरमध्ये किंवा डॉक्टर नसलेल्या व्यक्तीकडून करून घेऊ नये.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची, आणि तिच्यातही दोन प्रकार आहेत. कॅन्थोपेक्सीत कंडरा कापत नाहीत. वरच्या पापणीच्या घडीतून आत जाऊन तिला टाका घालतात आणि कडेच्या आतल्या बाजूच्या हाडावरील आवरणाला थोडे वर बांधतात. कॅन्थोप्लास्टीत कोपरा कापून पापणी मोकळी करतात, गरजेप्रमाणे आखूड करतात आणि नव्या जागी बसवतात. पेक्सी सौम्य आहे, पण पापणी मुळात घट्ट असेल तरच टिकते. प्लास्टीचा परिणाम सर्वांत टिकाऊ आणि तिच्यातली चूक दुरुस्त करणेही सर्वांत अवघड.

तुमच्या पत्रावरून आमचे मत असे की आधी भुवई तपासून घ्यावी. ‘फॉक्स आय’चा निम्मा परिणाम भुवईच्या शेपटाचा असतो. अनेक तरुणींना कोपऱ्याला हात न लावता कानशिलाच्या बाजूने भुवई उचलण्याची मर्यादित शस्त्रक्रिया पुरते. काहींना तीही लागत नाही. महिनाभर रोज पंखासारखे आयलायनर लावून पाहा आणि तोच आकार कायमचा हवा आहे का हे ठरवा. ही फॅशन जुनी होईल तेव्हा आयलायनर पुसता येईल. हाडाला बांधलेला टाका तसा सोडवता येत नाही.

प्रश्न : मी कोरियन मालिका खूप पाहते. सोलमध्ये डोळे बाहेरच्या बाजूने लांब करतात, तसे आपल्याकडे होते का? किती मिलिमीटर लांब होतील? तिथे जाऊनच करावे असे मैत्रीण म्हणते. — एक वाचक, पुणे

उत्तर : सोलच्या गंगनाम भागात ही शस्त्रक्रिया खरोखर रोजची आहे. तिथे तिला द्वीथुइम म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूची उघडणी. नाकाकडचा कोपरा उघडतात ती आप्थुइम. खालच्या पापणीचा बाहेरचा भाग थोडा खाली उतरवतात ती मित्थुइम. शेवटचा प्रकार नीट लक्षात घ्या. त्यात कोपरा खाली जातो आणि डोळा मोठा व शांत दिसतो. म्हणजे ‘फॉक्स आय’च्या नेमके उलटे. दोन्ही फोटो एकाच फोनमध्ये साठवून ‘असे करा’ म्हणून सर्जनपुढे ठेवणारे रुग्ण येतात, तेव्हा आधी दिशा ठरवावी लागते.

द्वीथुइममध्ये कोपऱ्यावर तीन-चार मिलिमीटरचा आडवा छेद घेतात, आतले पातळ आवरण, म्हणजे कंजंक्टायव्हा, सोडवून बाहेर आणतात आणि नव्या कोपऱ्याशी कातडीला शिवतात. स्थिरावल्यावर हाती राहतो तो फायदा बहुधा दोन-तीन मिलिमीटरचा, अनेकदा त्याहून कमी. कारण दोन कच्च्या कडा समोरासमोर आल्या की त्या पुन्हा जुळू पाहतात. टाके सुटल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत कोपरा आत सरकतो तो याचमुळे.

शिवाय जागेचा प्रश्न आहे. कोपरा आणि खोबणीची हाडाची कड यांच्यात साधारण पाच मिलिमीटर अंतर असते. ज्यांच्यात ते कमी आहे त्यांच्यात वाढवायला वावच नाही. दुसरी अडचण डोळ्याच्या गोलाची. तो बाहेरच्या बाजूला मागे वळतो, त्यामुळे एका मर्यादेपलीकडे उघडले तर पांढरा भाग दिसत नाही, लालसर आवरण दिसते. कोपऱ्यात कायमचा लाल ठिपका राहिलेले आणि तिथे सतत कोरडेपणा जाणवणारे रुग्ण पुन्हा कोपरा बंद करून घ्यायला येतात. उघडलेले कोपरे पूर्ववत करणे ही कोरियात आता स्वतंत्र शस्त्रक्रिया झाली आहे, यावरून काय ते समजा.

पूर्व आशियाई पापणीची ठेवण वेगळी असते. तिथे अनेकांच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते आणि वरच्या पापणीत चरबी खालपर्यंत येते. आपल्याकडच्या बहुतेक डोळ्यांची उघडी फट मुळातच २८ ते ३० मिलिमीटर लांब असते. तुमच्या डोळ्यांत दोन मिलिमीटर वाढवले तर आरशात फरक किती दिसेल, हे सर्जनकडून मोजपट्टी लावून पाहून घ्या.

तरीही सोलला जायचे असेल तर तीन गोष्टी पक्क्या करा. परदेशी रुग्ण घेण्यासाठी त्या रुग्णालयाची सरकारी नोंदणी आहे का ते पाहा. शस्त्रक्रिया करणारा प्लास्टिक सर्जरीचा तज्ज्ञ आहे का ते विचारा. सल्ला एकाने द्यायचा आणि भूल चढल्यावर चाकू दुसऱ्यानेच धरायचा, असे प्रकार तिथे उघड झाले होते. त्यानंतर कायदा बदलला. सप्टेंबर २०२३ पासून रुग्ण बेशुद्ध किंवा गुंगीत असेल अशा शस्त्रक्रियेचे, त्याने मागणी केल्यास, ऑपरेशन थिएटरमध्ये चित्रीकरण करावे लागते. ती मागणी लेखी करा. तिसरी गोष्ट परतीच्या तिकिटाची. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी निघतात, म्हणून दहा दिवसांच्या आत परतू नका. आणि पुण्यात पुढची तपासणी कोण करणार हे जाण्यापूर्वीच ठरवा. दुसऱ्याने केलेल्या कामाची जबाबदारी घ्यायला इथले अनेक सर्जन कचरतात.

प्रश्न : माझे डोळे थोडे बाहेर आलेले आहेत. एका डॉक्टरांनी ‘खालची पापणी घट्ट करून कोपरा उचलू’ म्हटले, दुसऱ्यांनी स्पष्ट नकार दिला. कोणाचे ऐकू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नकार देणाऱ्यांचे, निदान सर्व तपासण्या होईपर्यंत. पोट सुटलेल्या माणसाने पट्टा आवळला की तो पोटावर न बसता खाली घसरतो. बाहेर आलेल्या डोळ्यावर पापणी आवळली की तसेच होते. ती बुबुळाखाली सरकते, खालचा पांढरा भाग जास्त दिसू लागतो आणि डोळा आणखी मोठा व घाबरलेला दिसतो. अशा डोळ्यांत कोपरा बसवायचाच झाला तर तो थोडा वर आणि पुढे, पापणी आखूड न करता बसवावा लागतो. कधी खालच्या पापणीला आधाराचा तुकडाही घालावा लागतो. हे काम सवयीच्या हातांचेच आहे.

पुढच्या तपासण्या झाल्या आहेत का ते पाहा. हर्टेल नावाच्या उपकरणाने डोळा किती बाहेर आहे हे मोजतात. बाजूने पाहिल्यावर बुबुळाचा पुढचा बिंदू गालाच्या हाडाच्या पुढे येत असेल तर ती धोक्याची ठेवण समजतात. खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढतात. ती सहा मिलिमीटरहून जास्त दूर गेली, किंवा सोडल्यावर पापणी न मिटता लगेच जागेवर आली नाही, तर ती सैल आहे. शर्मर चाचणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे पापणीत ठेवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर अश्रू कमी आहेत, आणि ५ पेक्षा कमी भिजली तर केवळ सौंदर्यासाठी आम्ही कोपऱ्याला हात लावत नाही. डोळे मिटून झोपल्यावर फट राहते का, हे घरच्यांना विचारा.

यांखेरीज थायरॉइडची रक्ततपासणी करा. डोळे ‘पूर्वीपासूनच असे’ आहेत की दोन-तीन वर्षांत असे झाले, हे जुने फोटो काढून पाहा. थायरॉइडमुळे डोळे बाहेर येत असतील तर तो आजार किमान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय पापणीची शस्त्रक्रिया करत नाहीत. क्रमही ठरलेला आहे : आधी खोबण, मग तिरळेपणा असल्यास तो, पापणी सर्वांत शेवटी.

प्रश्न : प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काय करतात, भूल कोणती, किती दिवस रजा घ्यावी आणि काय बिघडू शकते हे कोणी नीट सांगत नाही. कृपया सविस्तर लिहा. — एक वाचक, नाशिक

उत्तर : तयारी चार आठवडे आधी सुरू होते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या आणि लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी घेत असलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र स्वतः बंद करू नका. ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. सिगारेट, तंबाखू आणि मिश्री चार आठवडे आधी सोडा. मिश्रीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण अनेक स्त्रिया तिला तंबाखूत धरत नाहीत आणि तपासणीत सांगत नाहीत. रक्तदाब ताब्यात हवा. लावलेल्या कृत्रिम पापण्या काढून यावे आणि आदल्या दिवसापासून काजळ लावू नये.

खुणा तुम्ही बसलेल्या असताना काढल्या पाहिजेत. आडवे झाल्यावर भुवया आणि गाल मागे सरकतात आणि मोजमाप फसते. सर्जनने आडवे करून खुणा सुरू केल्या तर थांबवून विचारा.

भूल बहुधा जागेवरची असते, सोबत शिरेतून थोडी गुंगी. दोन टक्के लिग्नोकेनमध्ये ॲड्रेनलिन मिसळून प्रत्येक बाजूला एक-दोन मिलिलिटर टोचतात. ॲड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून टोचल्यावर आठ-दहा मिनिटे थांबायचे असते. घाई केली तर छेद रक्ताने भरतो आणि पुढचे बारीक काम अंदाजाने होते. दोन्ही डोळ्यांना मिळून एक ते दीड तास लागतो.

कॅन्थोप्लास्टीच्या टार्सल स्ट्रिप या प्रचलित पद्धतीचे टप्पे असे. ती १९७९ मध्ये अँडरसन आणि गॉर्डी यांनी मांडली आणि आजही जगभर वापरात आहे. कोपऱ्यावर पाच-आठ मिलिमीटरचा आडवा छेद. मग कंडरेचा खालचा फाटा कापतात. पापणी हाडापासून पूर्ण सुटली की ती ओढल्यावर सहज पुढे येते, आणि अशी येईपर्यंत पुढे जायचे नसते. त्यानंतर पापणीच्या कडेची पुढची आणि मागची पाती वेगळी करून शेवटच्या तीन-पाच मिलिमीटर भागावरची कातडी, पापणीच्या केसांची मुळे आणि आतले आवरण काढून टाकतात. उरते ती कडक पट्टी. तिच्यातून टाका घेऊन तो खोबणीच्या कडेच्या आतल्या बाजूला, हाडावरील आवरणात घट्ट बसवतात. कोपरा हव्या त्या जागेपेक्षा किंचित वर ठेवतात, कारण पहिल्या काही आठवड्यांत तो थोडा उतरतो. शेवटी वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेवर दिसणाऱ्या बारीक राखाडी रेषा समोरासमोर आणून बारीक टाक्याने कोपऱ्याला टोक देतात आणि कातडी शिवतात.

चुका कुठे होतात ते आता सांगता येईल. टाका कडेच्या आत न बसवता बाहेरच्या पृष्ठभागावर बसवला तर कोपरा डोळ्याच्या गोलापासून सुटा राहतो. त्या फटीत पाणी साचते आणि डोळा कोरडाही पडतो. ही चूक आम्हाला दुसरीकडे झालेल्या कामात वारंवार दिसते, कारण बाहेरच्या पृष्ठभागावर टाका घालणे सोपे असते. राखाडी रेषा जुळल्या नाहीत तर कोपरा टोकदार न राहता गोल होतो किंवा त्यावर कातडीचा पडदा येतो. केसांची मुळे आत राहिली तर काही महिन्यांनी तिथे गाठ होते. आवरण कातडीखाली दबले तरी तेच. पट्टी जास्त आखूड केली तर पापणी डोळ्यावरून खाली घसरते. हाडाचे आवरण पातळ असेल किंवा टाका वरवर घेतला असेल तर तो सुटतो आणि एक कोपरा अचानक खाली येतो. छेद वर-बाहेर जास्त गेला तर अश्रुग्रंथीच्या नलिका दुखावू शकतात.

कोपऱ्यातून लसीका (लिम्फ हा द्रव) कानापुढच्या गाठींकडे वाहते. तो मार्ग छेदाने तुटतो, म्हणून डोळ्याचे पांढरे आवरण जेलीसारखे फुगू शकते. घाबरवणारे दिसते, पण बहुतेकदा अश्रूंच्या थेंबांनी, मलमाने आणि लागलीच तर स्टिरॉइडच्या थेंबांनी काही आठवड्यांत उतरते. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने घालू नका.

सर्वांत गंभीर धोका डोळ्यामागे रक्त साचण्याचा. पापण्यांच्या कॉस्मेटिक शस्त्रक्रियांत तो सुमारे दोन हजारांत एकदा होतो. वाढत जाणारी तीव्र वेदना, डोळा दगडासारखा कडक होऊन बाहेर येणे आणि नजर अंधुक होणे ही लक्षणे पहिल्या २४ तासांत दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. दृष्टीची नस दीड-दोन तासांहून जास्त दाब सहन करत नाही. तिथल्या तिथे टाके उघडून कोपरा आणि कंडरा मोकळी करावी लागते. म्हणून पहिल्या रात्री एकटे राहू नका, आणि सर्जनचा रात्रीचा नंबर घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून घरी सोडणे आम्हाला मान्य नाही, कारण मग नजर गेलेली कळतच नाही.

पहिले ४८ तास जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे थंड शेक, स्वच्छ कापडातून. दोन उशा घेऊन उताणे झोपणे. वाकून फरशी पुसणे, जड उचलणे, जिम, पोहणे हे तीन आठवडे नको. टाके पाचव्या ते सातव्या दिवशी. काळेनिळेपण दहा-चौदा दिवसांत जाते, तेवढी रजा घ्या. लोकांसमोर उभे राहण्याचे काम असेल तर तीन आठवडे धरा.

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. उजवा कोपरा डाव्यापेक्षा वर आहे, व्रण लाल आहे आणि सकाळी डोळा ताणल्यासारखा वाटतो. सर्जन म्हणतात थांबा. थांबू का? — एक वाचक, बोरिवली

उत्तर : थांबा. सहाव्या आठवड्यात व्रण सर्वांत लाल आणि कडक असतो. पहिल्या चार-सहा आठवड्यांत कोपरा मुद्दाम थोडा वर असतो आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरत नाहीत. तिसऱ्या महिन्यात खरा आकार दिसू लागतो, व्रण मऊ व्हायला सहा ते बारा महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी एकाच खिडकीच्या उजेडात, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर आणि दीड मीटर दूर ठेवून फोटो काढा. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत चेहऱ्याचा मधला भाग फुगतो आणि कडा मागे जातात, त्यावर निर्णय घेऊ नका. मालिश सर्जनने सांगितले असेल तरच, आणि खाली-बाहेर ओढून कधीच नाही.

पुनर्शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत करू नये. व्रण कच्चा असताना टाका धरत नाही. मात्र पापणी मिटत नसेल, बुबुळ कोरडे पडून टोचत असेल, कोपऱ्यातून पू येत असेल किंवा तो एका दिवसात खाली उतरला असेल, तर ‘थांबा’ लागू होत नाही. लगेच दाखवा.

प्रश्न : आईचे वय ७१. उजव्या डोळ्याची खालची पापणी बाहेर उलटली आहे, पाणी सतत गळते, ती पदराने पुसत राहते. या वयात ‘कॉस्मेटिक’ शस्त्रक्रिया कशाला, असे घरचे म्हणतात. विमा मिळेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ही कॉस्मेटिक नाही, उपचार आहे, आणि वर वर्णन केलेली टार्सल स्ट्रिप मुळात अशाच रुग्णांसाठी आहे. वयाने कंडरा लांबते, पापणी सुटते, अश्रूंच्या निचऱ्याचे भोक डोळ्यापासून दूर जाते आणि पाणी गालावर येते. वरून खाली न पुसता बाहेरून आत, नाकाकडे पुसायला सांगा. खाली ओढून पुसण्याने पापणी आणखी सैल होते. चेहऱ्याचा लकवा झाला होता का, हे डॉक्टरांना सांगा. लकव्यात पापणी मिटत नाही आणि उपचाराची आखणी बदलते. ७१ हे वय अडसर नाही. जागेवरच्या भुलीत, एका डोळ्याला पाऊण तासात होते, त्याच दिवशी घरी.

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. तरी अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरज यांना अपवाद असतो. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात ‘एक्ट्रोपियन’ (पापणी बाहेर उलटणे) हे निदान, पाणी गळण्याची व बुबुळ कोरडे पडण्याची नोंद आणि फोटो हवेत. ‘पापणी घट्ट करणे’ एवढेच लिहिले तर दावा अडकतो. आधी परवानगी घ्या. जीएसटीचा नियमही जाणून ठेवा : आरोग्यसेवेवर कर नाही, पण केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर आहे. जन्मजात दोष किंवा दुखापतीनंतर अवयवाची रचना वा काम पूर्ववत करण्यासाठीची शस्त्रक्रिया त्यातून वगळलेली आहे.

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात भावाच्या गालाचे हाड मोडले. आता डाव्या डोळ्याचा कोपरा खाली उतरलेला दिसतो. तो उचलता येईल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : कोपरा नव्हे, हाड उतरले असण्याची शक्यता जास्त. कंडरा गालाच्या हाडाच्या वरच्या भागावर बसलेली असते. हाड सरकले की ती सोबत खाली येते. अशा वेळी नुसता कोपरा वर बांधला तर काही महिन्यांत परत उतरतो. चेहऱ्याचे सीटी स्कॅन करून आधी मॅक्झिलोफेशियल (जबडा व चेहऱ्याच्या हाडांच्या) किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. हाड जागेवर आल्यावर उरले तर कोपरा. एकाचे दोन दिसत असेल तर उशीर करू नका.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. तिला डोळ्यांचा आकार बदलायचा आहे. ‘लग्नाच्या फोटोआधी होऊन जाऊ दे’ असे नातेवाईकही म्हणतात. चांगला डॉक्टर सुचवा. — एक पालक, लातूर

उत्तर : १८ पूर्ण होण्याआधी केवळ आकारासाठी ही शस्त्रक्रिया आम्ही करत नाही, आणि नातेवाइकांच्या आग्रहासाठी कोणत्याही वयात नाही. मुलीशी तुमच्याशिवाय, शांतपणे बोलता येईल असे पाहा. ती रोज तासन् तास आरसा पाहत असेल, फोटो टाळत असेल, कॉलेज चुकवत असेल, किंवा इतर कोणालाच न दिसणाऱ्या दोषाने बेचैन असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या स्थितीत शस्त्रक्रियेने समाधान होत नाही, दोष दुसऱ्या अवयवावर सरकतो. हे आम्ही तिच्या भल्यासाठी लिहितो आहोत, तिला बोल लावण्यासाठी नाही.

डॉक्टरांचे नाव या सदरात देत नाही, पण निवड कशी करावी ते सांगतो. नेत्रतज्ज्ञ असतील तर ऑक्युलोप्लास्टीचे, म्हणजे पापण्या व डोळ्याभोवतीच्या शस्त्रक्रियांचे, वेगळे प्रशिक्षण झालेले हवे, प्लास्टिक सर्जन असतील तर त्या विषयातली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. फोटो दाखवले तर सहा महिन्यांनंतरचे मागा, दुसऱ्या आठवड्यातले नव्हे. संमतीपत्र मराठीत मागा. त्यात ‘कॅन्थोपेक्सी’ आहे की ‘कॅन्थोप्लास्टी’, कोणती बाजू, आणि पुन्हा करावे लागले तर खर्च कोणाचा, हे लिहिलेले असू द्या.

प्रश्न : काजळ आणि कॉन्टॅक्ट लेन्स कधी सुरू करता येतील? आधार कार्डावरचे डोळ्यांचे स्कॅन बदलेल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : काजळ चार आठवड्यांनी, तेही नव्या कांडीने. जुन्या डबीत जंतू असतात आणि कोपऱ्याचा टाका आतून उशिरा भरतो. लेन्स साधारण महिन्याने, डॉक्टरांनी कोरडेपणा तपासल्यावर. घालताना खालची पापणी बाजूला ताणण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल, पापणी मध्यावर धरूनच खाली ओढा. लेझरने नंबर घालवला असेल तर त्यानंतर किमान सहा महिने कोपऱ्याची शस्त्रक्रिया नको. आधारच्या स्कॅनमध्ये बुबुळातल्या रंगीत पडद्याची नक्षी असते, तिला या शस्त्रक्रियेत हात लागत नाही. चेहऱ्याचा फोटो ओळखू येत नसेल तर तो आधार केंद्रात बदलून घ्या. पासपोर्टचा फोटो जुना असेल तर विमानतळावर अडचण नको म्हणून शस्त्रक्रियेचे कागद सोबत ठेवा.